कॅमेरे चार, हप्ते आठ

पिंपळे सौदागरहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ४१, सॉफ्टवेअरमध्ये नोकरी. आई ६७ वर्षांची, कराडच्या घरात एकटी राहते. वडील अडीच वर्षांपूर्वी गेले. मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत दिवसाढवळ्या घरफोडी झाली, तेव्हापासून यांना चैन नाही. चार कॅमेरे बसवायचं ठरलंय: फाटक, मागचं दार, हॉल आणि स्वयंपाकघर. प्रश्न असा, की कंपनीचं क्लाउड घ्यावं, का चित्रण बाहेर कुठे जाऊच नये म्हणून घरातच स्वतःचा सर्व्हर चालवावा? पाच वर्षांत स्वस्त काय पडेल? सोबत बारा रकान्यांची एक्सेल शीट आहे, आणि पत्राच्या शेवटी हे: "खर्च आईच्याच खात्यातून करणार आहे. तिच्या पॉलिसीचा कॅशबॅक तिसऱ्या वर्षापासून सुरू होतोय, त्यामुळे अडचण नाही. आमचे बँकेतले आरएम (रिलेशनशिप मॅनेजर) फार चांगले आहेत. आईला ओटीपी वगैरे जमत नाही, म्हणून फोनवर विचारून सगळं तेच करतात."

आधी विचारलंय त्याचं उत्तर देते. स्वतःचा सर्व्हर महाग पडतो. तुमच्याच शीटमधले आकडे घेतले: कॅमेरे १६ हजार, मिनी पीसी १९, आठ टीबीची डिस्क २१, स्विच आणि वायरिंग ८, यूपीएस ७, आणि दारात माणूस आलाय की मांजर ते ओळखणारं यंत्र ९. झाले ८० हजार. तुमची बेरीज इथे थांबते. विजेचं काय? सगळं मिळून ४०-४५ वॅट, चोवीस तास. म्हणजे महिन्याला तीसेक युनिट, तीनेकशे रुपये, पाच वर्षांचे १८ हजार. डिस्क रात्रंदिवस लिहीत असते, मध्ये एकदा बदलावी लागेल असं धरा, आणखी १२. एकूण १ लाख १० हजार. क्लाउडच्या बाजूला वायफाय कॅमेरे १२ हजार, वर्गणी वर्षाला ९,६०० म्हणजे पाच वर्षांची ४८, विजेचे थोडेफार. ६५ हजारांत भागतं. फरक ४५ हजारांचा, महिना साडेसातशे.

आता, साडेसातशे रुपये मोजून आईच्या घरातलं चित्रण तिऱ्हाइताच्या हाती जाणार नसेल, तर मी त्याला उधळपट्टी म्हणणार नाही. तुमची भीती हवेतली नाही. ॲमेझॉनच्या रिंग कॅमेऱ्यांबाबत २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने हाच आरोप ठेवला होता, की कंपनीचे कर्मचारी आणि कंत्राटी माणसं ग्राहकांच्या घरातली चित्रणं बघू शकत होती. ५८ लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटलं. वाइझ कंपनीच्या गोंधळात २०२४ च्या फेब्रुवारीत सुमारे १३ हजार जणांच्या फोनवर भलत्याच घरांची चित्रं आली. तेव्हा ‘माझ्या आईचं चित्रण मीच सांभाळीन’ हे म्हणणं मला पटतं. फक्त त्याला बचत म्हणू नका. हा खर्च आहे, आवडीचा आणि काळजीचा.

आणि करायचाच असेल तर जरा कात्री लावा. साधारण दोन एमबीपीएस बिटरेटला (म्हणजे सेकंदाला दोन मेगाबिट चित्रण) एक कॅमेरा दिवसाला २१ जीबी खातो, चार मिळून ८५. महिन्याचे अडीच टीबी. तुम्ही आठ टीबीची डिस्क घेताय, म्हणजे तीन महिने. आईच्या अंगणातल्या तुळशीवृंदावनाचं तीन महिन्यांचं चित्रण कोण बघत बसणार आहे? चार टीबी पुष्कळ झालं. दीड महिना जातो. कॅमेऱ्यांचं चित्रण सांभाळणारं फ्रिगेट हे सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि माणूस-मांजर ओळखायचं काम तुम्ही निवडलेल्या मिनी पीसीमधली इंटेलची चिप स्वतःच करते, नऊ हजारांचं वेगळं यंत्र नको. डिस्कचे दहा आणि यंत्राचे नऊ, वाचले १९ हजार. आता फरक महिन्याला साडेचारशेच्या खाली आला.

मात्र सर्व्हरची पेटी घरात आली म्हणजे चित्रण घरातच राहिलं, असं नसतं. ‘सगळं घरातच साठतं’ असं सांगून विकलेल्या यूफीच्या कॅमेऱ्यांतून छोटी चित्रं कंपनीच्या सर्व्हरवर जात असल्याचं २०२२ च्या नोव्हेंबरात उघड झालं होतं. म्हणून राउटरवरून कॅमेऱ्यांचं इंटरनेट तोडा. त्यांनी फक्त तुमच्या पेटीशी बोलावं. लांबून बघायला राउटरचा पोर्ट उघडू नका, वायरगार्डसारख्या व्हीपीएन सॉफ्टवेअरच्या बंद बोगद्यातून या. कॅमेऱ्यांचे पासवर्ड, कॅमेरे आल्याबरोबर बदला. राजकोटच्या एका रुग्णालयातली महिला रुग्णांची चित्रणं २०२५ च्या फेब्रुवारीत टेलिग्रामवर विकली जात होती. पकडलेल्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. तो कॅमेराही कुणीतरी सुरक्षेसाठीच लावलेला होता. आणि हल्ली चोर जाताना डीव्हीआरही काखोटीला मारतात, तेव्हा पेटी माळ्यावर ठेवा आणि हालचालीच्या क्लिपची एक प्रत पुण्याच्या घरी येऊ द्या.

शेजारच्या दोन घरांना महिना दोनशे रुपयांत चित्रण सांभाळायची ही ‘सेवा’ देऊन खर्च काढायचा तुमचा विचार मात्र सोडा. वर्षाचे ४,८०० मिळतील, आणि रात्री अकराला "काकूंचा कॅमेरा दिसत नाहीये" म्हणून फोन येईल. शिवाय २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात सूट आहे ती स्वतःच्या घरगुती वापराला. पैसे घेऊन लोकांची चित्रणं सांभाळणाऱ्याला नाही.

झालं कॅमेऱ्यांचं. आता पत्राच्या त्या शेवटच्या ओळी. मी त्या तीनदा वाचल्या आणि तुमच्याकडून पॉलिसीच्या कागदांचे फोटो मागवले.

कॅशबॅक हा शब्द त्या कागदांत कुठेही नाही. तिसऱ्या वर्षापासून काही मिळतं, असंही नाही. आहे ते एवढं: हप्ता वर्षाला ३ लाख, दहा वर्षं भरायचा, मुदत १५ वर्षं, शेवटी ५१ लाख. मधल्या काळात शून्य. विमा तुमच्या जिवावर, हप्ता आईचा. आई ६६ व्या वर्षी यात आल्या, पैसे मिळतील तेव्हा त्या ८१ च्या असतील. कॅमेऱ्यांचे पैसे ज्या कॅशबॅकमधून येणार होते, तो आरएमच्या तोंडातच जन्मला आणि तिथेच राहिला.

पुढचा हिशेब शाळेतला आहे. वडिलांचा पीएफ, ग्रॅच्युइटी धरून आईकडे २६ लाख होते. दोन हप्ते गेले, राहिले २० लाख, सगळे त्याच बँकेत एफडीत. बाकी हप्ते आठ, म्हणजे २४ लाख. वीस भागिले तीन करून बघितलंत का हो? सहा हप्ते भरून झाले की २ लाख उरतील. सातवा हप्ता येईल तेव्हा आई ७४ च्या असतील आणि खात्यात एक लाख कमी पडेल. तोवरचं घर कसं चालणार? फॅमिली पेन्शन १९ हजार, खर्च २६ हजार असं तुम्हीच लिहिलंय. वरचे सात हजार एफडीच्या व्याजातून येतात, आणि दरवर्षी त्याच एफडीतून तीन लाख मोडायचे आहेत. कॅमेऱ्याचा बिटरेट तुम्ही दशांशापर्यंत काढलात. हा भागाकार तुमच्या शीटमध्ये नाही.

"पण तीसचे एक्कावन्न होतात, सत्तर टक्के," असं आरएम म्हणाले होते. होतात. पंधरा वर्षांत. वर्षाच्या हिशेबाने सरासरी पाच टक्के पडतात. ज्येष्ठ नागरिकाला साध्या एफडीत याहून जास्त मिळतं, आणि ती हवी तेव्हा मोडता येते. ‘गॅरंटीड’ या शब्दाने माणसं इतकी सुखावतात, की कशाची गॅरंटी हे विचारायचं राहून जातं. इथे कमी मिळण्याची गॅरंटी आहे.

तुमच्या फोटोंपैकी चौथा फोटो प्रस्तावाच्या अर्जाचा आहे, तो जरा मोठा करून बघा. आईचा व्यवसाय: ‘गृहउद्योग’. वार्षिक उत्पन्न: ९ लाख. ज्या बाईचं उत्पन्न पेन्शन आणि व्याजापलीकडे नाही, तिला हे नऊ लाख आले कुठून? वर्षाला तीन लाखांचा हप्ता परवडतो असं दाखवायचं तर उत्पन्न फुगवावंच लागतं. खाली आईची सही आहे, मराठीत, ठसठशीत. वरचे सगळे रकाने दुसऱ्याच्या अक्षरात, इंग्रजीत. आणि ई-मेलच्या रकान्यात जो पत्ता आहे तो तुमचा नाही, आईंचा तर नाहीच. मी विचारलं तेव्हा तुम्ही लिहिलंत, "हा कुणाचा आहे माहीत नाही."

गेली दीडेक वर्षं आईच्या पॉलिसीची सगळी टपालं एका अनोळखी पत्त्यावर जातायत. घरातलं चित्रण परक्या सर्व्हरवर जाऊ नये म्हणून तुम्ही ८० हजार खर्चायला तयार आहात. हा ई-मेल बदलायला एक अर्ज पुरतो, तो अजून दिलेला नाही.

आणि ओटीपी. हे मला सगळ्यात जास्त खटकलं. आरएम भला माणूस असेलही. बावीस वर्षांच्या कामात मी भल्या माणसांनीच विकलेल्या पॉलिसी जास्त बघितल्या आहेत. पण आई फोनवर आकडे सांगणार आणि पलीकडचा माणूस ते टाकणार, ही सवयच घातक आहे. उद्या आवाज दुसऱ्याचा असला तरी आकडे सांगितले जातील. रिझर्व्ह बँकेने २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट सांगितलं होतं: ग्राहकाने स्वतःच ओटीपी किंवा पासवर्ड दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचा सगळा तोटा ग्राहकाचा. चोर कराडच्या घराचं कुलूप फोडून किती नेईल? कपाटातलं नेईल. वीस लाख कपाटात नाहीत.

तर या शनिवारी कराडला जा. कॅमेरे घेऊन नाही, आईचं पासबुक घेऊन बँकेत. नेटबँकिंगचा पासवर्ड आई आणि तुम्ही दोघांनी बसून बदला. खात्याला कोणता मोबाइल आणि कोणता ई-मेल जोडलाय ते काउंटरवर विचारा, छापील मागा. हप्ता खात्यातून आपोआप वळता व्हायची जी परवानगी दिलीय, ती लेखी रद्द करा आणि अर्जाच्या प्रतीवर तारखेचा शिक्का घ्या. हे सगळ्यात निकडीचं, कारण तिसरा हप्ता चार महिन्यांवर आलाय. आरएम मध्ये येईल, चहा मागवेल, "मॅच्युरिटीपर्यंत थांबा, आत्ता बंद केलंत तर नुकसान" असं सांगेल. नुकसान होणार आहे, ते खरं आहे. किती, ते बघू.

फ्री-लुकची, म्हणजे पॉलिसी परत करून पैसे मागायची मुदत पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांची असते, ती कधीच गेली. उरले दोन रस्ते. एक, हप्ते थांबवून पॉलिसी पेड-अप करायची: दहापैकी दोन हप्ते भरलेत, म्हणजे शेवटी साधारण पाचवा हिस्सा, फार तर १० लाख, आणखी तेरा वर्षांनी. दोन, आत्ताच सरेंडर, म्हणजे पॉलिसी मोडून मिळतील ते पैसे घ्यायचे. २०२४ च्या १ ऑक्टोबरपासून नवे नियम लागू झाले आणि तुमची पॉलिसी त्यानंतरची आहे, हे तुमचं नशीब. पूर्वी अशा पॉलिसीत दोन वर्षांत हातात तीस टक्के यायचे. आता पेड-अप रकमेची आजची किंमत काढून त्याप्रमाणे द्यावं लागतं. माझ्या अंदाजाने सहा लाखांपैकी तीन ते साडेतीन परत येतील. नक्की आकडा कंपनीकडून लेखी घ्या. ते साडेतीन लाख सात टक्क्यांनी तेरा वर्षं ठेवले तर साडेआठ लाखांच्या आसपास होतात, म्हणजे दोन्ही रस्त्यांत फार अंतर नाही. पण आईंना पैसे ८१ व्या वर्षी नकोत, आज हवेत. मी सरेंडर करीन.

त्याआधी मात्र तक्रार, पूर्ण सहा लाख परत मागणारी. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी, बँकेला प्रत. विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवरही नोंदवा. खोटं उत्पन्न, खोटा व्यवसाय, परका ई-मेल, आणि आरएमचे व्हॉट्सॲपवरचे "एफडीपेक्षा भारी" आणि "थर्ड इयरपासून कॅशबॅक" हे दोन मेसेज. ते आजच्या आज कुठेतरी उतरवून ठेवा. महिनाभरात उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जा; पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील नाही. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एक वर्षाच्या आत जावं लागतं.

एक कमकुवत बाजू आहे आणि ती तुम्हीच मला कळवलीत: पॉलिसी देण्याआधी तपासणीचा फोन आला, "सगळ्याला हो म्हणा" असं आरएमने सांगून ठेवलं होतं आणि तुम्ही तसं म्हणालात. कंपनी ते रेकॉर्डिंग पहिल्यांदा पुढे करील. ते तुम्हीही मागा, ऐका, त्यात कॅशबॅक नाही हे स्पष्ट सांगितलंय का ते बघा. पैसे पूर्ण परत येतीलच अशी आशा मी लावणार नाही. आले तर दिवाळी.

उरलेल्या वीस लाखांचं काम एका अर्जाचं आहे. १५ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका, पोस्टात. हे लिहितेय तेव्हा व्याज ८.२ टक्के आहे आणि उघडताना असेल तो दर पाच वर्षं बदलत नाही. दर तीन महिन्यांनी ३०,७५० खात्यात येतील, म्हणजे महिन्याला दहा हजारांहून थोडे जास्त. आईला कमी पडतात सात. बाकी ५ लाख दवाखान्यासाठी आणि अडीअडचणीसाठी बँकेतच एफडीत राहू देत. ठेवींवरचा विमाही एका बँकेत एका माणसाला पाच लाखांपर्यंतच आहे. आत्ताच्या एफडी मोडताना अर्धा-एक टक्का दंड जाईल, जाऊ दे. कर लागत नसल्याचं घोषणापत्र पोस्टात दरवर्षी द्यायला विसरू नका, नाहीतर टीडीएस कापला जाईल आणि मग रिफंडच्या मागे लागा. आणि वारसाचं नाव आईच्या हाताने लिहा, आरएमच्या नाही.

तुमच्या जिवावर विमा हवा असेल तर तो टर्म विमा, तुमच्या पगारातून. त्याचं वेगळं पत्र पाठवा.

कॅमेऱ्यांचा खर्चही तुमच्या पगारातून करा. ६० हजार आहेत, तुम्हाला जड नाहीत. फाटक आणि मागचं दार आधी, वायरिंगवाला येईल तेव्हा हॉलही. स्वयंपाकघरातला कॅमेरा आईला विचारून. तुमच्या अख्ख्या पत्रात त्यांना विचारल्याचं कुठे दिसलं नाही. दिवसभर ओट्याशी उभं राहणाऱ्या बाईला मुलाच्या फोनवर दिसत राहायचं आहे का, हे तिलाच ठरवू द्या. नाही म्हणाल्या तर तीनच घ्या, चार हजार वाचतील.